फाइलमध्ये नसलेला आवाज

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता प्रत्येकाला मनातल्या मनात एक कारण चिकटवत जाते... झोप अर्धवट झाली असेल, वारा असेल, योगायोग असेल. माझं कामच तसं आहे. मी सॉफ्टवेअर लिहिते. कॉम्प्युटर वेड्यासारखा वागायला लागला की लोक म्हणतात याच्यात काहीतरी शिरलंय, आणि मी तासभर डोकं खाजवून शोधून काढते की कुणीतरी एक स्वल्पविराम विसरलंय. त्यामुळे आज लिहिणाऱ्यांच्या बाजूला मीच येऊन बसले आहे, याचं मला नवल वाटतंय. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं, भर दुपारी, आणि मी एकटी नव्हते.

मी मलकापूरला राहते. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरूनच. शिवाय माझा इंजिनीअरिंगचा वर्गमित्र इरफान आणि मी मिळून आसपासच्या जिनिंगवाल्यांची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांची, कामं करायचो. तो तारा, सेन्सर, स्पीकर बघायचा, मी प्रोग्राम लिहायचे. इरफानच्या घरी पिंजाऱ्याचं काम, त्यामुळे कापूस हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. कापूस किती पटकन पेटतो हे त्याने मला शब्दांत समजावलं नव्हतं, दाखवलं होतं. चिमूटभर कापसाला काडी लावली आणि म्हणाला, "पाहा, डोया मिटून उघडेपर्यंत कापूस संपते."

वडनेर भोलजीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, एक जिनिंग आहे. नाव सांगत नाही. मालकांना सगळे सेठ म्हणतात, मीही तेच म्हणेन. तिथे आवारात कंपाउंडच्या भिंतीला समांतर अशी कापसाची लांबलचक गंजी लागते. गंजीचं एक टोक फाटकाकडे, दुसरं मागच्या विहिरीकडे. गंजी आणि भिंत यांच्यामध्ये बैलगाडी जाईल एवढी बोळ. गंजीत उष्णता वाढली तर आधीच कळावं म्हणून आम्ही तिथे सेन्सर बसवले होते, आणि सूचना देण्यासाठी आवारात चार कोपऱ्यांत चार कर्णे.

आता थोडं माझ्या कामातलं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोपं आहे.

माझ्या प्रोग्रामला एवढंच ठाऊक होतं, की धोका दिसला तर ते सांगायला आपल्याला एक ‘सांगणारा’ लागतो. तो सांगणारा कोण, हे प्रोग्राममध्ये लिहिलेलं नव्हतं. ते वेगळ्या एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, एका शब्दात लिहायचं. ‘भोंगा’ लिहिलं तर सायरन वाजेल. ‘मूक’ लिहिलं तर कर्णे गप्प राहतील आणि फक्त सेठ, मुनीमजी आणि माझ्या मोबाइलवर मेसेज येईल. प्रोग्राम सुरू होताना आमचं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामखालचा तयार सांगाडा, तो शब्द वाचतं, त्या नावाचा घटक तयार करतं आणि प्रोग्रामच्या हातात देतं. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. एकदा दिला की दिला. मधेच फाइलमधला शब्द बदलला तरी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय काही फरक पडत नाही. आणि अस्तित्वात नसलेल्या घटकाचं नाव लिहिलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही.

हे सेठना समजावताना मी अर्धा तास घेतला होता. इरफानने एका वाक्यात संपवलं. "सेठ, गाडीले डायवर पायजे. कोनता डायवर ते मुनीमजी सकाई सांगते. गाडीले काय फरक पडते?"

सुरुवातीला या फाइलमध्ये तिसराही शब्द चालायचा. ‘आवाज’.

ती कल्पना इरफानची. पहिल्यांदा भोंग्याची चाचणी घेतली तेव्हा आवारातली सगळी माणसं जिथल्या तिथे उभी राहिली आणि कुठे काय झालं ते बघायला उलट गंजीकडेच निघाली. इरफान म्हणाला, "भोंगा आयकून मानूस पाह्यले जाते. कोनी बलावलं तर येते." मग त्याने घरी बसून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं. ते मला अजून पाठ आहे. "मायबाई हो, भाऊ हो, कापूस तापून राह्यला. हातातलं काम तसंच ठेवा अन् फाटकाकडं या. घाई नोका करू, पन थांबू नोका." मागे बारीक रेल्वेची शिट्टी आली होती, त्यांचं घर स्टेशनजवळ आहे ना. मी म्हटलं, ती काढून टाकू. तो म्हणाला, राहू दे, मलकापूरची सही आहे.

त्या जिनिंगमध्ये कवडी वेचायला, म्हणजे कापसातला किडका भाग निवडायला ज्या बाया येतात, त्यांत इरफानची मावशी होती. जुबेदा खाला. मीही तिला खालाच म्हणते. पहिल्या दिवशी भाच्याचा आवाज कर्ण्यातून आला तेव्हा ती सगळ्यांना सांगत फिरली, "आमचा इरफान हाये तो. घरात तोंडातून शबुद निंघत नाई त्याच्या, अन् इथी पाहा."

पुढच्या हंगामाच्या आधी इरफान गेला. कावीळ झाली, वाढली, अकोल्याला नेलं, आणि तिथून तो परत आला नाही. त्याबद्दल मी इथे जास्त लिहू शकत नाही.

हंगाम सुरू झाला तेव्हा सेठनी नेहमीची चाचणी घ्यायला सांगितली. माझ्या डोक्यातच आलं नाही. मी बटण दाबलं आणि चारही कर्ण्यांतून इरफान बोलायला लागला. बाया थांबल्या. खाला ओटीत कवडी घेऊन होती तशी खाली बसली. रडली नाही. नुसती कर्ण्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी सेठ माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, तो आवाज काढून टाका. पोरगं गेलं. त्याले आता आराम करू द्या."

मी काढून टाकला. नुसता फाइलमधला शब्द बदलला नाही, तो घटकच प्रोग्राममधून काढला, नव्याने सगळं तयार करून तिथल्या कॉम्प्युटरवर टाकलं. रेकॉर्डिंगही तिथून पुसलं. पुसण्याआधी एका पेन ड्राइव्हवर घेऊन इरफानच्या अम्मीला नेऊन दिलं. त्यांच्याकडे ते लावायला काही नव्हतं. त्यांना लावायचंही नव्हतं. त्यांनी ते रुमालात बांधून ट्रंकेत ठेवलं. त्यानंतर आमच्या प्रोग्रामला दोनच सांगणारे उरले, भोंगा आणि मूक.

आता त्या दिवसाबद्दल.

हिवाळा सरत आला होता, वारा होता. गंजीतले जुने सेन्सर चुकीचे आकडे दाखवायला लागले होते आणि दिवसातून पाच-सहा वेळा उगाच भोंगा वाजायचा. म्हणून सेठनी नवीन मागवले. बदलेपर्यंत फाइलमध्ये ‘मूक’ ठेवायचं आणि दोन माणसांनी पाण्याचा पाइप घेऊन गंजीवर लक्ष ठेवायचं, असं ठरलं. मी सकाळी स्वतः शब्द बदलला, प्रोग्राम बंद करून सुरू केला, आणि पडद्यावर ‘सांगणारा: मूक’ आलेलं पाहिलं. मग जुने सेन्सर काढून आणवले. दुपारी ते सगळे माझ्यासमोर टेबलावर पडलेले होते, तारांसकट. म्हणजे त्या वेळी गंजीची खबर देणारं गंजीत काहीही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

जेवणाची सुट्टी झाली. मशिनी थांबल्या की जिनिंगमध्ये एकदम कानात दडे बसल्यासारखं होतं. केबिनमध्ये मी आणि मुनीमजी, रामेश्वरभाऊ, डबे उघडून बसलो होतो. त्यांच्या टेबलावर माइक असतो, याच कर्ण्यांवरून गाड्यांना आत बोलवायला. सुट्टीत ते त्याच्यावर कापडी टोपी चढवतात आणि बटण बंद करतात. त्या दिवशीही केलं होतं. बाया रोजच्यासारख्या गंजी आणि भिंतीमधल्या बोळीत सावलीला जेवायला बसल्या होत्या. पाइपवाले दोघे गंजीच्या पलीकडून चक्कर मारत होते.

"मायबाई हो..."

मी पहिल्यांदा वर बघितलं नाही. तो आवाज इतका ओळखीचा होता, की क्षणभर मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. इरफान बोलतोय, एवढंच. मग रामेश्वरभाऊंचा घास हातात थांबलेला दिसला, आणि माझ्या लक्षात आलं, हा आवाज मी स्वतः पुसला होता.

आवाज चारही कर्ण्यांतून येत होता. शांत, स्वच्छ. मी पडद्याकडे पाहिलं. ‘सांगणारा: मूक’. माइककडे पाहिलं. टोपी चढवलेली, बटण बंद. रामेश्वरभाऊ अगदी हळू म्हणाले, "बाई, हे तुमी लावलं काय?"

मी नकारार्थी मान हलवली. 

आवाज थांबला. मी उठून दारात आले. तिथून बोळीचं विहिरीकडचं तोंड दिसतं. बाया एकामागून एक बाहेर येत होत्या. धावत नव्हत्या. डबे तिथेच टाकून, पदर सावरत, विहिरीच्या बाजूने चालत येत होत्या. सगळ्यांच्या मागे खाला होती. ती बोळीच्या तोंडाशी थांबली आणि तिने मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं. मग तीही आली.

ती विहिरीपाशी पोचली असेल नसेल, गंजीच्या फाटकाकडच्या टोकातून धूर निघाला. त्या धुराचा जाळ व्हायला काहीच वेळ लागला नाही. वारा फाटकाकडून होता. आग कापसावरून पाणी वाहावं तशी वाहत आली. ज्या बोळीत बाया बसल्या होत्या ती बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटलेली मी पाहिली. इरफानने चिमटीत दाखवलं होतं, तेच... पण एवढं मोठं.

पाइपवाल्यांनी, बाकीच्या माणसांनी जमेल ते केलं. मलकापूर आणि नांदुऱ्याहून अग्निशमनच्या गाड्या आल्या. गंजीचा बराचसा भाग गेला. माणूस एकही भाजला नाही. कारण नंतर असं निघालं, की माल उतरवून गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची ठिणगी त्या टोकाला पडली असावी आणि आतल्या आत धुमसत राहिली असावी. माझे सेन्सर जागेवर असते, तरी त्यांना ती इतक्या लवकर कळली नसती. ते गंजीच्या पोटातली उष्णता मोजतात, टोकावरची ठिणगी नाही.

त्या दिवशी कुणी आवाजाबद्दल बोललं नाही. आग एवढी होती की दुसरं काही सुचतच नव्हतं. पण मी घरी जाऊन जेवू शकले नाही. मनात एकच चाललं होतं... रेकॉर्डिंग कुठेतरी राहिलं असणार. मी पुसलं असं मला वाटलं, पण राहिलं असणार. मी त्या आशेला धरून बसले होते, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा तिथे गेले. केबिनमध्ये सेठ, रामेश्वरभाऊ आणि मी, तिघांनी आवारातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पाहिलं. त्या कॅमेऱ्यांना आवाज नाही. बाया जेवत आहेत. एकदम सगळ्यांच्या माना एकाच वेळी वर उठतात. त्या उठतात, आणि चालू लागतात. धूर त्यानंतर.

रामेश्वरभाऊंनी ते दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "सेठ, एक गोष्ट कवापासून सांगीन सांगीन म्हनून राह्यलो."

"सांगा ना."

"इरफान फाटक नाई म्हनला काल. विहिरीकडं या म्हनला."

सेठनी माझ्याकडे पाहिलं.  रामेश्वरभाऊ बोलल्याबरोबर मलाही ते आठवलं. मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं, फक्त मनाने ते जुन्याच वाक्यात बसवून टाकलं होतं. "हातातलं काम तसंच ठेवा अन् विहिरीकडं या."

रेकॉर्डिंगमध्ये ‘फाटकाकडं’ होतं. शंभरदा ऐकलेलं. चाचणीत, दुरुस्तीत, थट्टेत. आणि त्या दिवशी बाया फाटकाकडे निघाल्या असत्या, तर त्या सरळ त्या धुमसणाऱ्या टोकाशी गेल्या असत्या. आणखी एक... शिट्टी नव्हती. मलकापूरची सही नव्हती. मागे काहीच नव्हतं, फक्त तो.

मी त्यानंतर काय काय तपासलं ते थोडक्यात सांगते. प्रोग्राम सकाळी सुरू झाल्यापासून मधे एकदाही बंद होऊन सुरू झाला नव्हता. त्याच्या हातात शेवटपर्यंत ‘मूक’च होता, आणि त्यालाही कुणी काही सांग म्हटलेलं नव्हतं. तिथल्या कॉम्प्युटरवर ‘आवाज’ नावाचा घटक नव्हता, रेकॉर्डिंग नव्हतं, त्याचा मागमूस नव्हता. कर्ण्यांची तार केबिनमधूनच जाते आणि केबिनमध्ये आम्ही दोघे होतो. इरफानच्या घरी गेले. अम्मींनी ट्रंक उघडून रुमाल दाखवला. मी बांधलेली गाठ तशीच होती.

त्यांना सगळं सांगावं की नाही, मला कळत नव्हतं. पण खालाने आधीच सांगितलं होतं. अम्मींनी मला चहा दिला आणि एवढंच विचारलं, "बेटा, वो थका हुआ तो नहीं लग रहा था?"

मी म्हटलं, नाही अम्मी, बिलकुल नाही.

खाला बाहेर ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि माझ्या सवयीप्रमाणे प्रश्न विचारत सुटले. नक्की काय ऐकलं, कोणत्या कर्ण्यातून, किती वेळा, तू थांबून वर का पाहिलंस. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मले वाटलं आनखी काई बोलन," ती म्हणाली. "म्हनून थांबली. नाई बोलला. मंग आली."

"खाला, पण तुला भीती नाही वाटली?"

"कायची भीती बाई? घरच्या मानसानं बलावलं." आणि मग माझ्याकडे बघून, "तू काऊन एवढी जीव काढून राह्यली? तुह्या मशिनीतून नसन आला तो."

 खरं सांगू का, माझं मन तिथेच अडकलं आहे. तो कर्ण्यांतूनच आला. हवेतून नाही, कुणाच्या स्वप्नात नाही. आमच्याच तारांमधून, आमच्याच चार कर्ण्यांतून, जिथे एका वेळी एकच सांगणारा असू शकतो आणि तो कोण, ते मी सकाळी माझ्या हाताने लिहिलं होतं. माझी सगळी विद्या असं सांगते की फाइलमध्ये जे नाव आहे तोच येतो. आणि त्या दिवशी नाव नसलेला आला, जागा नसलेल्या ठिकाणी उभा राहिला, आणि जे त्याला कधी शिकवलेलं नव्हतं ते बोलला. मी रात्रंदिवस ज्या यंत्रणेवर पोट भरते, तिच्याकडे मी आता जरा वेगळ्या नजरेने बघते. भीतीने नाही. एखाद्या मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात आवाज आपोआप खाली येतो ना, तसं काहीतरी होतं.

शेवटी मी सगळा कोड पुण्याला अभिजितकडे पाठवला. तो माझ्या कंपनीत वरिष्ठ आहे, या फ्रेमवर्कची त्याला नस न् नस माहीत आहे, आणि असल्या गोष्टी ऐकल्या की तो सरळ विषय बदलतो. मी त्याला आधी फक्त एवढंच लिहिलं, की मूक ठेवलेलं असताना दुसराच घटक चालला, कसं ते बघ. आठवड्याने त्याचा फोन आला.

"अगं, शक्यच नाही," तो म्हणाला. "मी सगळ्या बाजूंनी बघितलं. ‘मूक’ असताना दुसरं काही इंजेक्ट होऊच शकत नाही. आणि तू म्हणतेस तो तिसरा घटक तर याच्यात नाहीच आहे. तू मला चुकीचा कोड पाठवलायस का?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. इरफान, खाला, गंजी, फाटक आणि विहीर. मला वाटलं तो हसेल, किंवा म्हणेल की चार दिवस सुट्टी घे. तो हसला नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो म्हटलं.

"आहे मी," तो म्हणाला. आणि मग, त्याला हे विचारताना अवघड वाटत होतं हे मला कळत होतं, "आवाज कसा होता गं त्याचा?"

मी म्हटलं, घाबरलेला नव्हता. ओरडलाही नाही. जेवायला बसलेल्या माणसांना मधेच उठवताना आपल्याला कसा संकोच वाटतो... तसा होता.

 अभिजित म्हणाला, "ठीक आहे. मी कोड पुन्हा एकदा बघतो."

तो अजून बघतो आहे. त्याला काही सापडलेलं नाही. मलाही नाही.